ठिपकेवाल्या कुत्र्याचा मूतखडा

"मॅडम, सकाळपासून सारखा पाय वर करतोय, पण थेंबभरसुद्धा येत नाही."

रात्री साडेदहाला दवाखान्याचं शटर ओढत होते. मागे वळून बघितलं तर मालकाच्या पायाशी चार वर्षांचा डाल्मेशियन नर, पाठ कमानीसारखी वाकवून उभा. डाल्मेशियन, त्यात नर, त्यात लघवी बंद. निदान तिथेच झालं. पोटाला हात लावला तर ताणलेलं मूत्राशय टणक लागलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, थोडं आत गेलं आणि अडलं, आणि अडताना वाळूत काडी खुपसावी तशी खरखर बोटांना जाणवली. भूल देऊन, सलाईनच्या जोराने खडे मागे मूत्राशयात ढकलले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून बाहेर काढले. मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे, गुळगुळीत, पिवळट-हिरवट. मोजले तर चाळीसच्या वर भरले.

हाच कुत्रा दोन महिन्यांपूर्वी डॉग शोमध्ये त्याच्या क्लासमध्ये पहिला आला होता. मी तिथेच होते, माझी कुत्री घेऊन. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि गेली पंधरा वर्षं डाल्मेशियन शोमध्ये उतरवते. जज दात बघतात, खांद्याचा कोन बघतात, नराची दोन्ही वृषणं उतरली आहेत का ते तपासतात, चाल बघतात. ठिपके गोल हवेत, कडा स्वच्छ हव्यात, दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे हवेत, एकमेकांत मिसळलेले नकोत. हे सगळं त्या कुत्र्याकडे होतं. लघवीत काय उतरतंय हे रिंगमध्ये कुणाला दिसणार?

आपल्याकडे एखाद्याचा अंगठा सुजला की "युरिक अ‍ॅसिड वाढलंय" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. डाल्मेशियनचं दुखणं त्याच पदार्थाचं आहे. पेशी जुन्या होतात, अन्न पचतं, त्यातून प्युरिन नावाची द्रव्यं सुटतात आणि त्यांचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात युरिकेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते युरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅलँटॉइन करतं, जे पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. माणसात आणि मोठ्या वानरांत हे विकरच उरलेलं नाही, म्हणून आपल्याला गाऊट, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, होतो. डाल्मेशियनमध्ये मात्र विकर आहे आणि ते चांगलं कामही करतं. गिरणी चालू आहे, पण धान्य आत न्यायचा दरवाजाच नीट उघडत नाही. युरिक अ‍ॅसिड यकृताच्या पेशीत पुरेसं शिरतच नाही. मूत्रपिंडातही तोच दरवाजा बिघडलेला असल्यामुळे गाळलेलं युरिक अ‍ॅसिड रक्तात पुरेसं परत घेतलं जात नाही. ते लघवीत उतरतं आणि लघवी घट्ट झाली की त्याचे खडे धरतात.

हा दरवाजा म्हणजे एक वाहक प्रथिन, आणि ते बनवणाऱ्या जनुकाचं नाव एसएलसी2ए9. पशुवैद्य आणि जनुकतज्ज्ञ असलेल्या डॅनिका बॅनाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संस्थेतून हा दोष नेमका दाखवून दिला. प्रथिनाच्या साखळीत 188व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलअ‍ॅलॅनिन आलेलं आहे. साऱ्या साखळीत एवढा एकच मणी बदललेला. माणसातही याच जनुकाचा युरिक अ‍ॅसिडच्या पातळीशी आणि गाऊटशी संबंध आहे.

प्रत्येक डाल्मेशियनला खडे होतात असं नाही. माद्यांचा मूत्रमार्ग रुंद असतो, बारीक खडे निघून जातात. नराच्या लिंगात हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. तिथे तो पसरूच शकत नाही, खडा नेमका तिथे अडकतो. आणि हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफी करावी लागते. "एक्स-रे नॉर्मल आलाय" असं सांगत मालक दोन दिवस घालवून येतात तेव्हा माझा जीव तुटतो, कारण लघवी पूर्ण अडली तर तेवढ्या वेळात कुत्रा दगावतो.

त्या रात्रीच्या मालकाला मी खाणं विचारलं. "कलेजी-भात, मॅडम. रोज. अंगावर चमक येते ना." शोवाल्यांचा हा आवडता खुराक. पण यकृत, मूत्रपिंड असे अवयव प्युरिनने भरलेले असतात. डाल्मेशियनला कलेजी घालणं म्हणजे खड्यांना खतपाणी. त्याला पाणी भरपूर हवं, अन्न ओलं हवं, आणि लघवीला वरचेवर बाहेर नेणारा माणूस हवा. अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध युरिक अ‍ॅसिड बनणंच कमी करतं, पण औषध चालू असताना कलेजीही चालू राहिली तर झँथिन नावाच्या दुसऱ्याच पदार्थाचे खडे होतात. म्हणून ते मनाने देऊ नये.

आता खरी अडचण. हा दोष प्रच्छन्न आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. मग दोष नसलेले डाल्मेशियन निवडून वीण वाढवावी, असं कुणीही म्हणेल. बुलडॉगमध्ये ते जमतं. त्यांच्यातही हाच दोष आहे, पण निरोगी जनुकाचे कुत्रे शिल्लक आहेत, डीएनए तपासून जोडी जुळवता येते. डाल्मेशियनच्या शुद्ध वंशात मात्र निरोगी जनुक उरलेलंच नाही. सगळ्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. घरात जे नाहीच ते घरातल्या घरात शोधून कसं मिळणार?

अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल या जनुकतज्ज्ञाने 1973 साली ते बाहेरून आणलं. पॉइंटर या दुसऱ्या जातीचा एक कुत्रा आणि एक डाल्मेशियन, अशी एकदाच जोडी लावली. पुढे प्रत्येक पिढीत निरोगी जनुकाचं पिल्लू निवडून त्याची जोडी पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच. निरोगी जनुकाची एक प्रत पुरेशी असते, त्यामुळे साधारण निम्मी पिल्लं चांगली निघतात. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत जातो, दहा पिढ्यांनी तो हजारात एक इतका उरतो. सुरुवातीच्या पिढ्यांत ठिपके बारीक आणि कमी रेखीव येत होते. त्यावरून अभ्यासकांचा तर्क असा, की मोठे, स्वच्छ ठिपके निवडता निवडता ब्रीडरांनी नकळत बिघडलेलं जनुकही निवडलं. म्हणजे आम्हीच.

1981 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने यातल्या दोन कुत्र्यांची नोंदणी केली. डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या क्लबने विरोध केला, नोंदणी थांबली, आणि दार पुन्हा उघडायला 2011 उजाडलं. मधल्या तीस वर्षांत कॅथेटरवर ती खरखर किती पशुवैद्यांच्या बोटांना लागली असेल! ब्रिटनच्या केनेल क्लबने 2010 मध्ये फिओना नावाच्या अशाच एका कुत्रीला नोंदवलं आणि 2011 ला ती क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या मोठ्या डॉग शोच्या रिंगमध्ये उतरली. तेव्हाही वाद पेटला. "वंश बाटला" ही ओरड मी आपल्याकडच्या शोमध्येही ऐकते आणि मला ती अजिबात पटत नाही. फिओनाकडे नुसतं बघून तिचा पॉइंटर पूर्वज कुणी ओळखला नसता.

ठिपक्यांच्या हट्टाचं आणखी एक उदाहरण कानाचं आहे. अंतर्कर्णात रंगपेशी नसतील तर ऐकू येत नाही आणि पांढऱ्या अंगाच्या या जातीत बहिरेपणा बराच आढळतो. ज्या पिल्लांच्या अंगावर जन्मतःच मोठा काळा डाग असतो त्यांच्यात तो कमी असतो. आणि शोच्या निकषात नेमका तोच डाग दोष!

त्या रात्रीचा कुत्रा आता बरा आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येतो, कलेजी बंद झाली आहे, रात्री अकराला मालक त्याला शेवटचं फिरवून आणतात. त्याच्यापासून वीण घेऊ नये असं मी सांगितलं, ते त्यांनी मान्य केलं. त्याचे खडे माझ्या टेबलावर काचेच्या बाटलीत आहेत. डाल्मेशियन घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला कुणी आलं की मी आधी ती बाटली त्यांच्या हातात देते आणि मग पिल्लाच्या आईबापांची डीएनए तपासणी झाली आहे का, ते विचारते.