कॅम्पस भरती (माहिती तंत्रज्ञान उद्योग)

पदवीचा अंतिम निकाल लागण्याआधीच कंपन्यांनी विद्यार्थ्यांची निवड करण्याची पद्धत. भारतातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या फ्रेशर (अनुभव नसलेले नवे पदवीधर) प्रामुख्याने याच मार्गाने घेतात. महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. 1990 च्या दशकाअखेर ‘वायटूके’च्या (सन 2000 लागताना संगणकांतील तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या दुरुस्तीच्या) कामांनी मनुष्यबळाची मागणी वाढवली आणि ही पद्धत रुळली.

ॲप्टिट्यूड, कोडिंग, तांत्रिक मुलाखत आणि एचआर हे निवडीचे नेहमीचे टप्पे. खरी गाळणी मात्र त्याआधीच लागते. दहावी, बारावी (किंवा पदविका) आणि पदवी या सगळ्यांत 60 टक्के हवेत, एकही केटी (नापास होऊन राहिलेला विषय) शिल्लक नको, शिक्षणात मोठा खंड नको, अशा अटी सर्रास असतात. अर्जांचा ढीग कमी करायला त्या सोयीच्या आहेत, पण उमेदवाराला प्रोग्रॅम लिहिता येतो की नाही, हे त्यांतून कळत नाही. घरच्या आजारपणात वर्ष गेलेली मुलगी किंवा अकरावीत अचानक इंग्रजीतून विज्ञान शिकावे लागल्याने बारावीला मागे पडलेला मराठी माध्यमाचा मुलगा चाचणीला बसूच शकत नाही. हा अन्यायच आहे. शिवाय कंपन्या पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या महाविद्यालयांत जातात. इतरांना ‘पूल कॅम्पस’साठी (अनेक महाविद्यालयांची एका ठिकाणी होणारी एकत्र भरती) प्रवास करावा लागतो. टीसीएसने 2018 मध्ये देशपातळीवरील सामाईक चाचणी सुरू केल्यावर कॉलेजच्या नावाचे महत्त्व काहीसे घटले. गुणांच्या अटी मात्र बऱ्याच ठिकाणी राहिल्या.

फ्रेशरमध्ये मुलींचे प्रमाण चांगले असते, वरच्या पदांवर ते घसरते. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. रजेतील पगाराचा भार सहसा मालकावरच पडत असल्याने तरुण स्त्रियांना घेताना हात आखडण्याचा धोका उरतो.

खासगी नोकऱ्यांत जातीनिहाय आरक्षण नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते; दलित आणि मुस्लिम नावांना कमी प्रतिसाद मिळाला. तो अभ्यास केवळ आयटीपुरता नव्हता. आयटीतली स्थिती जोखायला आकडे हवेत, पण सेबी या शेअर बाजार नियामकाच्या नियमानुसार मोठ्या नोंदणीकृत कंपन्या द्यावयाच्या शाश्वतता अहवालात स्त्रिया आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या मांडतात. जातीची आकडेवारी त्यात मागितलेलीच नाही.