शेड्युल ऐंशी म्हणजे किती सूत?

पाइपच्या यार्डात नवा माणूस पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडतो. समोरच्या पाइपवर पांढऱ्या रंगात छापलेलं असतं: ‘ए-३३५ पी-२२, ६ इंच, शेड्युल ८०’ आणि पुढे हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक. ‘ए-३३५ पी-२२’ हा मिश्रधातूच्या पोलादाचा प्रकार, ‘शेड्युल’ हा भिंतीच्या जाडीचा दर्जा. तो बाहेरचा व्यास मोजतो, तर भरतो १६८.३ मिलिमीटर, म्हणजे सहा इंच पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मग आतला मोजतो, तर पाच इंच सहा सूत. सहा इंची पाइपमध्ये सहा इंच कुठेच सापडत नाहीत!

‘सहा’ हे निव्वळ नाव आहे. लोखंडी पाइप पूर्वी आतल्या व्यासावरून ओळखले जायचे. पुढे आटे, कपलिंग, क्लॅम्प सगळं एकमेकांत बसावं म्हणून बाहेरचा व्यास कायम ठेवला आणि जास्त जाडी हवी असेल तर ती आतल्या बाजूला वाढवायची, असं ठरलं. त्यामुळे शेड्युल ४० असो की १६०, सहा इंची पाइप बाहेरून सारखाच दिसतो. भिंत मात्र शेड्युल ४० मध्ये ७.११ मिमी, ८० मध्ये १०.९७ आणि १६० मध्ये १८.२६. मीटरमागे वजन २८ किलोवरून साडेसदुसष्टवर जातं. मिश्रधातूचा पाइप किलोवर विकला जातो, तेव्हा शेड्युल निवडणं हा पैशांचाही मामला आहे.

बरं, हे ८० म्हणजे काय? सूत नव्हे, मिलिमीटरही नव्हे. दोन इंची पाइपमध्ये शेड्युल ८० म्हणजे पावणेदोन सूत, सहा इंचीत साडेतीन सूत, बारा इंचीत साडेपाच. पूर्वी तीनच प्रकार होते: स्टँडर्ड, एक्स्ट्रा स्ट्राँग आणि डबल एक्स्ट्रा स्ट्राँग. वाफेचे दाब वाढले तसे ते अपुरे पडू लागले. अमेरिकेत १९२७ साली प्रमाणीकरणासाठी समिती बसली आणि त्यातून पुढे शेड्युलचे आकडे आले. आतला दाब भागिले धातूवर टाकता येणारा ताण, गुणिले हजार, असा ढोबळमानाने तो आकडा. थोडक्यात, हे गुणोत्तर आहे. व्यास वाढला की तोच दाब पेलायला भिंत जाड लागते, म्हणून एकाच शेड्युलची जाडी मापागणिक बदलते.

गणित उलटं करून पाहायला मजा येते. सहा इंची, शेड्युल १६० घ्या. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार जाडी म्हणजे व्यासाचा निम्मा गुणिले ०.१६ (१६० भागिले हजार), म्हणजे १३.४६ मिमी. आटे आणि गंज यांच्यासाठी इंचाचा दहावा भाग, २.५४ मिमी, त्यात मिळवा: १६ मिमी. कारखान्यात भिंत साडेबारा टक्क्यांपर्यंत पातळ निघाली तरी चालते, म्हणून ०.८७५ ने भागा. उत्तर १८.२९. तक्त्यात आहे १८.२६!

हे साडेबारा टक्के भल्याभल्यांच्या डोक्यातून निसटतात. ७.११ चा म्हणून घेतलेला पाइप एखाद्या जागी ६.२२ भरला, तर तक्रार करता येत नाही. दुसरी फसगत जुन्या नावांची. आठ इंचांपर्यंत ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’ आणि शेड्युल ८० एकच. त्यापुढे एक्स्ट्रा स्ट्राँग चार सुतांवर थांबतो आणि शेड्युल ८० वाढत राहतं. बारा इंचीत हा फरक जवळजवळ पाच मिमीचा आहे.

आता मिश्रधातूकडे. पी-२२ मध्ये सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असतं, पी-९१ मध्ये क्रोमियम नऊ टक्के. औष्णिक वीजकेंद्रातली वाफ ५४० अंशांच्या घरात असते आणि कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांसारख्या सुपरक्रिटिकल (पाणी उकळण्याचा टप्पाच उरत नाही इतक्या दाबाच्या) संचांत दाब २२१ बारच्याही वर. अशा तापमानाला पोलाद एकदम फुटत नाही, वर्षानुवर्षं ताणलं जातं. ओल्या कपड्यांनी नायलॉनची दोरी हळूहळू लोंबत जाते, तसं. याला क्रीप म्हणतात. इथे पी-९१ ला पी-२२ च्या जवळपास दुप्पट ताण देता येतो, म्हणजे भिंत साधारण निम्मी पुरते.

मग पी-२२ च जाड का घेऊ नये? संच चालू करताना आतली बाजू आधी तापते, बाहेरची मागे राहते. जाड काचेचा ग्लास उकळत्या चहाने तडकतो, त्याचं कारण हेच. जाड भिंत दाबाला बरी, पण रोजच्या चालू-बंदला वाईट. पी-९१ चे लाड मात्र पुरवावे लागतात: वेल्डिंगआधी तापवा, नंतर ७५० अंशांच्या आसपास धरून ठेवा. वेल्डर वैतागतात ते उगाच नाही.

क्रोमियमचा दुसरा उपयोग जपानच्या मिहामा अणुवीज केंद्राने दाखवून दिला, तोही उलट्या बाजूने. ९ ऑगस्ट २००४ रोजी तिथल्या तिसऱ्या संचात ५६ सेंटिमीटर व्यासाचा पाइप फुटला आणि पाच कामगार गेले. त्यात किरणोत्सर्ग नव्हता, होतं फक्त १४० अंशांचं पाणी. पाइप साध्या कार्बन स्टीलचा. वेगाने वाहणारं पाणी पोलादावरचा संरक्षक ऑक्साइड थर विरघळवत राहतं आणि भिंत झिजते. १० मिमीची भिंत सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उरली होती. १९७६ पासून ती जागा एकदाही मोजलेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती सुटली होती. सव्वा टक्का क्रोमियमही ही झीज कितीतरी कमी करतं, म्हणून अशा जागी आता पी-११ (सव्वा टक्का क्रोमियमचा) किंवा पी-२२ घालतात.

उरलेली भिंत मोजायला पाइप कापावा लागत नाही. बोटाएवढा प्रोब, खाली जेलचा ठिपका. ध्वनीचा स्पंद भिंतीत शिरतो, आतल्या पृष्ठभागावरून परततो आणि सात मिमीच्या भिंतीला यासाठी सेकंदाचे सुमारे अडीच दशलक्षांश लागतात. बेंडच्या बाहेरच्या बाजूला आधी मोजायचं, कारण वाकवतानाच तिथली भिंत ताणून पातळ झालेली असते. आणि चालू लाइनवर मोजताना एक सांभाळायचं: पोलाद तापलं की त्यातला ध्वनी मंदावतो, दर ५५ अंशांना साधारण एक टक्का. यंत्राला ते सांगितलं नाही, तर गरम पाइप प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतो.