आयपी पत्ता: आकडा असून अक्षरांत का अडकला?

बडोदा आणि वडोदरा हे एकच गाव, हे रावपुऱ्यातल्या पोस्टमनला शिकवावं लागत नाही. माणसांच्या आणि मशीनच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरला ते कळत नाही. तो अक्षराला अक्षर लावून बघतो. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचा पत्ता, मुळात ३२ बिटांचा आकडा, तरी एलडॅपमध्ये (अशा सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत) तो मजकूर म्हणून बसला आहे.

एलडॅपचं मूळ असलेल्या एक्स.५०० मानकांत (पहिली आवृत्ती १९८८) असं नव्हतं. तिथे नेटवर्क पत्त्याला स्वतःची रचना होती आणि तुलनेचा वेगळा नियमही. पण युनिक्सची मंडळी सन कंपनीच्या एनआयएसवर होती; मशीन आणि वापरणाऱ्यांचे तक्ते नेटवर्कभर पुरवणारी ही व्यवस्था. त्याचं आधीचं नाव ‘येलो पेजेस’. त्याच्या कमांड अजून ‘वायपी’नेच सुरू होतात. होस्ट फाइलमधला (मशीनची नावं आणि पत्ते यांची यादी) पत्ता त्यात जसाच्या तसा, मजकूर म्हणून, किल्लीसारखा वापरला जाई. १९९८ च्या आरएफसी २३०७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) हेच तक्ते एलडॅपमध्ये आणले आणि सवयही सोबत आली: आयपीच्या रकान्याला साधा मजकूर, इंग्रजी अक्षर लहान की मोठं हे न बघणारी बरोबरी, एवढंच. क्रमाचा नियम नाही, अर्धवट जुळणीचाही नाही.

त्यामुळे ‘१९२.१६८.१.*’ असा शोध टाकला की बहुतेक वेळा चूक दाखवली जात नाही, नुसती रिकामी यादी येते. शोधणाऱ्याला वाटतं, त्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्या तुकड्यात) मशीनच नाही! १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.०१० या दोन वेगळ्या नोंदी ठरतात. आरएफसीत पुढची शून्यं गाळायला सांगितलं आहे, पण ते नुसतं वर्णनात. सर्व्हर तपासत नाही. वर जुन्या सी लायब्ररीला ०१० म्हणजे अष्टमान पद्धतीने ८, म्हणजे पिंग (मशीन जागं आहे का ते विचारणारी हाक) भलत्याच मशीनला.

मॅक पत्त्याचंही (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) तेच: आरएफसीला कोलन हवेत, विंडोज आडव्या रेघा छापतं.

आयपीव्ही६ ने, म्हणजे आयपीच्या नव्या, लांब पत्त्यांच्या आवृत्तीने, घोळ वाढवला. ::१ आणि ०:०:०:०:०:०:०:१ हा एकच पत्ता. एकच प्रमाण रूप २०१० मध्ये आरएफसी ५९५२ ने सुचवलं: लहान इंग्रजी अक्षरं, पुढची शून्यं नकोत, शून्यांची सर्वांत लांब रांग :: मध्ये.

म्हणून पत्ता नोंद घालतानाही एकाच प्रमाण रूपात आणायचा आणि शोधतानाही. जुना डेटा एकदा नव्यानं लिहावाच लागतो. पत्ता नोंदीच्या डीएनमध्येच (नोंदीचं पूर्ण नाव) असेल तर साधा मॉडिफाय, म्हणजे बदलाचा हुकूम, नाकारला जातो; तिथे नाव बदलणारं मॉडआरडीएन लागतं.