शॉप प्रायमर आणि झिंक सिलिकेट प्रायमर: रंग एकच, वेल्डिंगखालची वागणूक वेगळी

ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून केलेली सफाई) होऊन आलेल्या पोलादी प्लेटवरचा करडा थर शॉप प्रायमरचा आहे की पूर्ण जाडीच्या झिंक सिलिकेट प्रायमरचा (सिलिकेटने बांधलेल्या जस्तभुकटीचा पहिला थर), हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण असते. शॉप प्रायमरही बहुधा झिंक सिलिकेटचाच असतो. त्यामुळे ‘झिंक प्रायमरवरून वेल्डिंग चालते’ हे अर्धवट वाक्य कारखान्यात सहज रूढ होते. ते शॉप प्रायमरपुरते खरे आहे, पूर्ण प्रायमरबाबत नाही.

शॉप प्रायमरचे काम तात्पुरते असते. जहाजबांधणीत प्लेट स्वयंचलित यंत्रात शॉट ब्लास्ट होते आणि लगेच तिच्यावर साधारण १५ ते २० मायक्रॉनांचा थर फवारला जातो, म्हणजे कापणी आणि जुळणी चालू असताना काही महिने तिला गंज चढत नाही. हा थर इतका पातळ असतो की ब्लास्टिंगने खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर त्याची जाडी भरवशाने मोजता येत नाही. म्हणून एक गुळगुळीत चाचणीपट्टी त्याच यंत्रातून काढून तिच्यावर ती मोजतात. पूर्ण प्रायमर मात्र ६० ते ८० मायक्रॉनांचा असतो, गंजरोधक रंगांच्या आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच्या घन भागात वजनाने किमान ८० टक्के जस्तभुकटी लागते, आणि तो वर्षानुवर्षे टिकायचा असतो. शॉप प्रायमरमध्ये हे प्रमाण सहसा बरेच कमी ठेवलेले असते.

जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. त्यामुळे धातू वितळण्याआधीच थरातील जस्ताची वाफ झालेली असते, आणि प्रश्न उरतो तो तिला बाहेर पडायला वाट आहे का, इतकाच. बट जोडात (कडेला कड लावलेल्या जोडात) कडा कापून किंवा घासून तयार केलेल्या असल्याने अडचण सहसा येत नाही. खरी अडचण टी-जोडाच्या फिलेटमध्ये (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डमध्ये) येते, कारण उभ्या प्लेटची कड आडव्या प्लेटवर घट्ट बसते आणि मधला प्रायमर तिथेच अडकतो. पहिल्या बाजूचे वेल्डिंग होताना वाफ दुसऱ्या बाजूने निसटू शकते, पण दुसरी बाजू भरताना ती वाट बंद झालेली असते, म्हणून ब्लो होल (वाफेने वेल्डमध्ये पडलेली छिद्रे) बहुधा दुसऱ्या बाजूला दिसतात. वेल्डिंगचा वेग वाढवला तर वाफ सुटण्याआधीच धातू गोठतो. पातळ शॉप प्रायमरवर योग्य वायर आणि बेताचा वेग यांनी हे सांभाळता येते, मात्र फवारणीत थर दुहेरी पडला असेल तर तोही दगा देतो. पूर्ण प्रायमरच्या वाफेपुढे हे उपाय अपुरे पडतात. तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना सामान्यतः ५० मिलिमीटर किंवा अधिक पट्टा टेप लावून कोरा ठेवावा, नाहीतर ग्राइंडरने घासून काढावा.

धूर दोन्हींतून निघतो आणि जस्ताच्या ऑक्साइडने संध्याकाळी थंडी-ताप येतो, म्हणून धूर ओढून घेणारी सोय दोन्हीकडे हवी. (दूध प्यायल्याने धूर बाधत नाही ही वेल्डरांमधली जुनी समजूत आहे, फुप्फुसात गेलेल्या धुराचे पोटातले दूध काही करू शकत नाही.)

प्रायमरला लावलेल्या ‘वेल्डेबल’ (वरून वेल्डिंग चालणारा) या शब्दावर मी विसंबणार नाही. शॉप प्रायमरवरील वेल्डिंग तपासण्याच्या आयएसओ १७६५२ या मानकानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल मागावा आणि त्यात चाचणी किती मायक्रॉनांवर झाली ते पाहावे, कारण २० मायक्रॉनांवर मिळालेला निकाल ४० मायक्रॉनांना लागू होत नाही.

उलटी गल्लतही होते. शॉप प्रायमर आहेच, तर झिंकचा पूर्ण थर कशाला, असे म्हणून त्यावर थेट पुढचा रंग चढवला जातो. वस्तुतः वेल्डिंगच्या आचेने जोडालगतचा तो थर जळून गेलेला असतो, आणि पूर्ण झिंक सिलिकेट लावायचे असेल तर शॉप प्रायमर आधी ब्लास्टिंगने काढावा लागतो.