आठने भागायचं की दहाने? जुन्या यंत्रांच्या वेगाची पार्श्वभूमी

जुन्या मॉडेमवर (फोनच्या तारेवरून संगणकाची माहिती पाठवणारं यंत्र) किंवा सीरियल पोर्टवर (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) लिहिलेला वेग बाइटमध्ये काढायचा झाला, की हात आपोआप आठने भागायला जातो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, हे खरंच आहे. तरीही या यंत्रांचा वेग बहुतेक वेळा दहाने भागावा लागतो, आणि त्याचं कारण टेलिप्रिंटरच्या, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्राच्या, काळात सापडतं.

१९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या टेलिप्रिंटरचा वेग होता ११० बॉड. फ्रेंच तारयंत्र अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून आलेलं हे एकक तारेवरचा संकेत सेकंदाला किती वेळा बदलू शकतो ते सांगतं. प्रत्येक अक्षराला ११ बिट लागत: सुरुवातीची खूण म्हणून एक स्टार्ट बिट, मग आठ बिट अक्षराचे आणि शेवटी दोन स्टॉप बिट. पुढचं अक्षर यायच्या आत यंत्राच्या फिरत्या भागांना जागेवर यायला तेवढी उसंत हवी असे. म्हणजे सेकंदाला नेमकी दहा अक्षरं.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांना एकच स्टॉप बिट पुरू लागला आणि ११ चे १० झाले. १९६२ च्या बेल १०३ मॉडेमचे ३०० बॉड म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं, ती याच हिशेबाने. इथवर बॉड आणि बिट एकच होते. बेल २१२ए ने ही जोडी तोडली: संकेत सेकंदाला ६०० वेळाच बदले, पण प्रत्येक बदल दोन बिट वाहून नेई, म्हणून वेग १२०० बिट. लोक मात्र '१२०० बॉड' म्हणत राहिले. जुन्या कागदपत्रांत बॉड दिसला की आधी त्याचा अर्थ बिट आहे का, हे तपासून घ्यावं.

आयबीएम पीसीच्या सीरियल पोर्टचा १,१५,२०० हा आकडा अनेकांना पाठ असतो. पोर्टच्या घड्याळाची वारंवारता १.८४३२ मेगाहर्ट्झ, तिला १६ ने भागलं की तो मिळतो. बाइटमध्ये सेकंदाला ११,५२०.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मुंबईतले डायल-अप ग्राहक ९,६०० बिटांच्या वेगाने जोडले जात. त्या काळच्या '१.४४ एमबी' फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून ९,६०० बिटांचे ९६० बाइट होतात, म्हणजे फ्लॉपीभर मजकुराला २५ मिनिटं ३६ सेकंद. आठने भागलं तर उत्तर साडेवीस मिनिटांच्या आत येतं. दोन मॉडेम व्ही.४२ ही त्रुटीसुधार पद्धत वापरत असतील, तर फोनच्या तारेवर स्टार्ट-स्टॉप बिट काढून टाकले जात. तिथे आठचा हिशेब बराच जवळ जातो.

त्या १.४४ कडेही नीट पाहायला हवं. हा आकडा १,४४० गुणिले १,०२४ असा बनतो, म्हणजे त्यातला 'मेगा' धड दहा लाखही नाही आणि १,०२४ चा वर्गही नाही. सीडी-रॉमचा एकपट वेग सांगताना १५० किलोबाइट म्हणतात, तिथला किलो १,०२४ चा आहे: ७५ सेक्टर, प्रत्येकी २,०४८ बाइट, एकूण १,५३,६००. मॉडेमच्या ५६ के मधला किलो मात्र साधा हजार. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ च्या डिसेंबरात आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १,०२४ साठी 'किबी' हा वेगळा उपसर्ग मान्य केला, पण तोवर विकलेल्या यंत्रांवरचे आकडे तसेच राहिले.

दहाचा भागाकार पुढे दुसऱ्याच वाटेने परतला. १९८३ साली आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक यांनी ८बी/१०बी ही सांकेतिक पद्धत मांडली. आठ बिटांच्या जागी दहा पाठवायचे आणि ते असे निवडायचे, की शून्य आणि एक यांचं प्रमाण समतोल राहील आणि संकेत वारंवार बदलत राहील. त्या बदलांवरूनच घेणारं यंत्र आपलं घड्याळ जुळवतं. स्टार्ट बिटही वेळ जुळवण्यासाठीच होता. जास्तीचे दोन बिट दोन्हीकडे त्याच कामी खर्च झाले, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर साम्य वाटतं. म्हणूनच पहिल्या सॅटाचे (संगणकाला हार्ड डिस्क जोडणारी पद्धत) १.५ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १५० मेगाबाइट, १८७.५ नव्हेत. त्याआधीच्या समांतर एटीए-१३३ वरचा १३३ हा मुळातच मेगाबाइटमधला आकडा, त्याला कशानेच भागायचं नाही. यूएसबी १.१ मध्ये ही पद्धत नव्हती, म्हणून तिथे १२ मेगाबिटांना आठनेच भागून १.५ मेगाबाइट ही कमाल मर्यादा मिळते.

संगणकात कार्डं जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्याही दहाच्याच. तिसऱ्या पिढीने १२८ बिटांमागे फक्त दोन जादा बिट ठेवले, त्यामुळे एका लेनवर (माहितीच्या एका वाटेवर) सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट मिळतात आणि भागायला पुन्हा जवळपास आठ पुरतात.