हार्मोनचा रिपोर्ट वाचताना

नवतपा लागला की नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी बर्डीहून गाडीवर घरी आलेल्या माणसाला लघवी कमी होते, गडद पिवळी होते. अंगातलं पाणी कमी झालंय हे मूत्रपिंडांना कळतं कसं? घामावाटे पाणी गेलं की रक्त किंचित दाट होतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक-दोन टक्क्यांचा फरकही ओळखतो. मग त्याच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडं लघवीतलं पाणी परत ओढून घेतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी त्याच वेळी अल्डोस्टेरॉन वाढवून अंगातलं मीठ राखतात. तुम्ही पोटभर पाणी प्यायलात, रक्त पूर्ववत झालं, की व्हॅसोप्रेसिन आपोआप उतरतं.

हार्मोन वाढतं, काम होतं आणि झालेल्या कामामुळेच ते पुन्हा कमी होतं. अंतःस्रावी ग्रंथींचा बहुतेक कारभार असा चक्राकार चालतो. म्हणून हार्मोनच्या रिपोर्टातला एखादाच आकडा उचलून त्यावरून आजार ठरवायला जाऊ नये, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं. धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबचा रिपोर्ट आता थेट मोबाइलवर येतो. ठळक अक्षरातला आकडा डॉक्टरांच्या आधी घरचे बघतात आणि घाबरतात.

मज्जातंतूंशिवायही अवयव एकमेकांना निरोप देतात, हे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि आतड्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस आलाच. निरोप रक्तातून गेला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या पदार्थांसाठी हार्मोन हे नाव वापरलं.

सर्वाधिक गोंधळ थायरॉइडच्या रिपोर्टात होतो. ‘टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढला’ असं सर्रास ऐकू येतं, पण बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच, ते पिट्युटरीचं आहे. आई पोराला हाक मारते आणि ओ आली नाही की आवाज चढवते, तसं हे आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही हार्मोन्स बनवते. ती पुरेसं टी-४ बनवत नसली की पिट्युटरी टीएसएच वाढवत नेते. म्हणून टीएसएच जास्त आणि टी-४ कमी असेल तर ग्रंथी मंदावलेली. टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-४ किंवा टी-३ जास्त असेल तर ग्रंथी भरमसाट हार्मोन सोडते आहे. पण टीएसएच थोडंसंच वाढलेलं आणि टी-४ ठीक असेल, तर बऱ्याचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच गोळीचा निर्णय घेतात.

ग्रंथी मंदावली की थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, अंगावरून जास्त जाणं, थोडं वजन वाढणं असं सुरू होतं. मे महिन्यात सगळं घर कूलरसमोर बसलेलं असताना एखाद्या काकूंना पातळ चादर हवीशी वाटते, तेव्हा ते वयावर ढकलू नये. उलट प्रकारात उकाडा सोसवत नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे लक्षण हमखास झाकलं जातं. अशा वेळी हाताची थरथर, छातीतली धडधड आणि भरपूर खाऊनही उतरणारं वजन यांकडे पाहावं.

मंदावलेल्या थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. डोस बदलल्यावर आठवड्यातच तपासणी करण्यात पैसे घालवू नका. टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आणि आयोडीन नसलं तर ग्रंथीला हार्मोन बनवताच येत नाही, म्हणून घरात फक्त सैंधव मीठ वापरण्याच्या टुमीला माझा विरोध आहे, विशेषतः घरात गर्भवती बाई असेल तर.

तान्ह्या बाळाची तपासणी याहून महत्त्वाची. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच बघतात. जन्मतः थायरॉइड कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बुद्धीची वाढ सहसा सुरळीत होते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. मात्र जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचं टीएसएच उसळतंच, म्हणून साधारणतः दोन दिवसांनंतरचा नमुना बरा.

मधुमेहात विदर्भाने एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायला हवी. १९२२ पर्यंत इन्सुलिनचं इंजेक्शनच नव्हतं आणि टाइप १ मधुमेहाची मुलं दगावत. आज इन्सुलिन आहे, गोळ्या आहेत, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आहे, ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ही तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. आपल्याकडे, खासकरून पूर्व विदर्भात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही एचबीए१सी चांगलं दिसतं. वाहकांमध्येही काही पद्धतींनी आकडा चुकू शकतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेल्या बायकांमध्ये नेमकं उलटं होतं, आकडा खोटाच वाढतो. त्यामुळे तपासायला जाताना ‘घरात सिकलसेल आहे’ हे आधी सांगा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर अशा वेळी जास्त भरवशाची.

पीसीओएस म्हणजे बायकांमधला पाळी आणि हार्मोन बिघडवणारा विकार. त्याबद्दल एवढंच, की सोनोग्राफीत बीजकोशावर गाठीसारखे ठिपके दिसले म्हणून निदान होत नाही. प्रौढ स्त्रीत अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं आणि सोनोग्राफीतलं चित्र या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी लागतात, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं आधी बाजूला सारावी लागतात. कित्येक मुलींत याच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर असतं. म्हणून त्यांची साखरही तपासायला हवी.

शेवटी स्टेरॉइड. सांधेदुखीच्या, दम्याच्या किंवा ‘तब्येत सुधारण्याच्या’ बिननावाच्या पुड्यांमध्ये ती मिसळलेली सापडतात. खाणाऱ्याला दोन दिवसांत बरं वाटतं. पण बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला जागवणं थांबवते आणि ग्रंथी आक्रसते. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, साखर चढते. घाबरून पुडी एकदम बंद केली तर शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथीचं स्वतःचं स्टेरॉइड, उरत नाही. उलट्या, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाते. अशी पुडी कोणी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं, नागपुरातल्या मेडिकल या सरकारी रुग्णालयात असो की मेयोत, आणि डोस त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगावं, पुडी कधीच बंद केली असली तरी. आक्रसलेली ग्रंथी जागेवर यायला कधीकधी वर्षही लागतं.