कंसातला साठ: कॉलमची लांबी चिन्हांत मोजतात की बाइटांत?

‘मु. पो. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग’ हा पत्ता कागदावर अर्धी ओळही भरत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पत्त्याचा कॉलम व्हारचार(६०) असा, म्हणजे कमाल साठ लांबीच्या मजकुराचा, केलेला असेल, तर तो विनातक्रार साठवला जातो. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र मूळ मांडणीत काहीही न बदलता व्हारचार२(६०) असा कॉलम केला आणि युनिकोड डेटाबेसमध्ये हाच पत्ता घालायला गेले, तर ओआरए-१२८९९ ही त्रुटी येते आणि प्रत्यक्ष लांबी ७१, कमाल लांबी ६० असे आकडेही तिच्यात छापून येतात. पत्ता तोच आणि कंसातला आकडाही तोच असताना एकीकडे जागा उरते आणि दुसरीकडे पुरत नाही, याचे कारण असे की पहिल्या ठिकाणी साठ ही चिन्हांची संख्या आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती बाइटांची.

या दोन मापांची गल्लत इंग्रजी मजकुरात सहसा उघडकीस येत नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह आणि एक चिन्ह म्हणजे एक बाइट असा सरळ हिशेब असतो. मराठीत तीन वेगवेगळी मापे एकमेकांत मिसळतात. वाचणाऱ्याला दिसते ते अक्षर. युनिकोडमध्ये ज्याला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ज्याला जाणकार कोड पॉइंट म्हणतात, त्याला या लेखापुरते ‘चिन्ह’ म्हणू. ते चिन्ह डिस्कवर जेवढी जागा घेते, ती बाइटांत मोजली जाते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात म, हा, रा आणि ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. परंतु व्यंजने, दोन काने आणि दोन हलन्त वेगवेगळे मोजले तर चिन्हे दहा होतात. चिन्हे साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्यामुळे हा चार अक्षरी शब्द तीस बाइटांचा ठरतो. एकट्या ‘श्री’मध्ये चार चिन्हे आणि बारा बाइट आहेत. म्हणूनच इंग्रजी माहितीपत्रकातील ‘कॅरेक्टर’चे भाषांतर ‘अक्षर’ असे करणे मला घातक वाटते. डेटाबेस आपली अक्षरे कधीच मोजत नाही.

वरच्या पत्त्यात देवनागरी चिन्हे २१ आहेत आणि टिंबे, स्वल्पविराम व मोकळ्या जागा मिळून ८ आहेत. चिन्हांची बेरीज २९ होते. बाइटांची बेरीज करताना २१ची तिप्पट ६३ आणि त्यात ८ मिळवून ७१ येतात. हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, कारण निदानाची किल्ली त्यातच आहे. ओरॅकलने त्रुटीत ७१ हा आकडा सांगितला, २९ नव्हे. म्हणजे तेथे बाइट मोजले जात आहेत, हे दुसरे काही न तपासताही कळते. उलट मायएसक्यूएलमध्ये हाच पत्ता व्हारचार(२५) मध्ये घातला आणि १४०६ क्रमांकाची ‘डेटा टू लाँग फॉर कॉलम’ ही त्रुटी आली, तर तेथे खरोखरच चार चिन्हे जास्त झालेली असतात. त्रुटीचा सूर दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे माणूस दोन्हीकडे एकच औषध देतो: कॉलम रुंद करतो. पहिल्या बाबतीत हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी जुन्या प्रणालीतून ओरॅकलमध्ये हलवताना मी स्वतः ही चूक केली होती. जुना मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये होता, ज्यात अक्षराचा प्रत्येक तुकडा एक बाइट घेत असे, आणि पत्त्याचे रकाने त्याच मापाने आखलेले होते. युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावर पत्ते नाकारले जाऊ लागले, तेव्हा मी साठचे ऐंशी केले, मग शंभर केले. दर वेळी आधी अडलेल्या नोंदी आत जात आणि काही नव्या अडत. कोणत्या नोंदी अडतात हे पाहण्याची बुद्धी उशिरा सुचली. अडणाऱ्या सगळ्या नोंदी मराठीत होत्या, आणि त्यांच्यापेक्षा चांगले लांब असलेले इंग्रजी पत्ते केव्हाच आत जाऊन बसले होते. मजकूर दिसायला आखूड असूनही अडत असेल आणि लांब इंग्रजी मजकूर सुटत असेल, तर मर्यादा बाइटांची आहे असे बिनधास्त समजावे.

ओरॅकलमध्ये यावरचा योग्य उपाय म्हणजे कॉलमची व्याख्या व्हारचार२(६० चार) अशी करणे. ‘चार’ हा शब्द जोडला की साठ हा आकडा चिन्हांचा होतो. एनएलएस लेंग्थ सिमँटिक्स ही मांडणी बदलूनही हे साधता येते, मात्र ती फक्त त्यानंतर तयार होणाऱ्या कॉलमांना लागू होते. जुने कॉलम जसेच्या तसे राहतात आणि ते एकेक करून बदलावे लागतात. कोणता कॉलम कोणत्या मापाचा आहे हे यूजर टॅब कॉलम्स या व्ह्यूमधील ‘चार यूज्ड’ या रकान्यात दिसते. तेथे बी असेल तर बाइट आणि सी असेल तर चिन्हे. एक मेख मात्र येथेही उरते. चिन्हांचे माप स्वीकारले तरी व्हारचार२ची ४,००० बाइटांची कमाल मर्यादा हलत नाही. व्हारचार२(४००० चार) असे लिहिलेले कितीही उदार वाटले, तरी त्यात निव्वळ देवनागरी मजकूर १,३३३ चिन्हांपेक्षा जास्त मावत नाही. बाराव्या आवृत्तीपासून ही मर्यादा ३२,७६७ बाइटांपर्यंत वाढवता येते, पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये चित्र वरवर सोपे आहे, कारण ४.१ या आवृत्तीपासून व्हारचारच्या कंसातील आकडा चिन्हांचाच असतो. पण त्याच डेटाबेसमधील टेक्स्ट हा प्रकार बाइटांनी मोजला जातो. टेक्स्टची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हे, आणि टायनीटेक्स्टमध्ये तर जेमतेम ८५ चिन्हे बसतात. एखादा लांब लेख व्हारचारमध्ये मावत नाही म्हणून टेक्स्टकडे वळणारा माणूस नकळत एका मापातून दुसऱ्या मापात शिरतो, आणि पासष्ट हजारांचा आकडा मनात धरून बसतो. तेथे १४०६ ही त्रुटी आली, तर ती चिन्हांच्या मर्यादेची आहे की बाइटांच्या, हे तिच्या शब्दांवरून मुळीच कळत नाही. कॉलमचा प्रकार पाहावाच लागतो. त्या त्रुटीत पुढे जो ओळ क्रमांक येतो, तोही टेबलमधील नोंदीचा नसून आपण पाठवलेल्या विधानातील ओळीचा असतो.

पोस्टग्रेसमध्ये व्हारचारची लांबी चिन्हांत मोजली जाते आणि टेक्स्टला लांबीची अट घालावी लागत नाही, त्यामुळे ही गल्लत तेथे क्वचितच त्रास देते. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: त्रुटीत ‘कॅरेक्टर व्हेरिइंग(२५)’ असा प्रकार सांगितला जातो, कॉलमचे नाव नाही, त्यामुळे तीन कॉलम पंचवीसचे असतील तर दोषी कोण हे शोधत बसावे लागते.

एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा निराळीच आहे. तेथे व्हारचारचा आकडा बाइटांचा असतो, आणि नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर साठवण्या-लावण्याच्या नियमांच्या संचात) त्यात देवनागरी घातली तर लांबीची त्रुटी येण्याऐवजी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाते. माझ्या मते ही त्रुटीपेक्षा वाईट गोष्ट आहे, कारण ती महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीसाठी तेथे एनव्हारचार वापरायचे असते, ज्यात प्रत्येक एककाला दोन बाइट मिळतात आणि देवनागरीचे एक चिन्ह एका एककात बसते. २०१९च्या आवृत्तीत युटीएफ-८ कोलेशनची सोय आल्यावर व्हारचारमध्येही मराठी ठेवता येऊ लागली, परंतु तेव्हा व्हारचार(६०) मध्ये देवनागरीची फक्त वीस चिन्हे मावतात, हे विसरून चालत नाही. जुन्या ८१५२ क्रमांकाच्या त्रुटीत कॉलमचे नाव नसे; नव्या २६२८ मध्ये टेबल, कॉलम आणि कापला गेलेला मजकूर तिन्ही दिसतात.

निदान करताना मोजणारी फंक्शनेसुद्धा फसवतात, आणि येथे अनुभवी लोकही घसरतात. ओरॅकलमधील लेंग्थ चिन्हे मोजते आणि लेंग्थबी बाइट मोजते. मायएसक्यूएलमधील लेंग्थ मात्र बाइट मोजते, आणि चिन्हांसाठी चार लेंग्थ वापरावे लागते. पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ पुन्हा चिन्हांची, आणि ऑक्टेट लेंग्थ बाइटांची. एका डेटाबेसवर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर गेला की त्याच नावाचे फंक्शन वापरून उलटा निष्कर्ष काढतो. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टमध्ये तर तिसरेच, दोन बाइटांचे एकक मोजले जाते. देवनागरीपुरते ते चिन्हांशी जुळते, पण इमोजी आली की बहुतेक वेळा एकाचे दोन होतात. वेब फॉर्मवरची मॅक्सलेंग्थ ही लांबीची अट याच हिशेबाने चालते, म्हणून पडद्यावर साठची अट घालून बाइटांच्या कॉलमला संरक्षण मिळत नाही.

इमोजीचा विषय निघालाच आहे तर एक शेजारची त्रुटी वेगळी करून ठेवायला हवी. मायएसक्यूएलमधील जुने युटीएफ-८, म्हणजे युटीएफ८एमबी३, एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरीला ते नेमके पुरते, त्यामुळे मराठी मजकूर वर्षानुवर्षे सुरळीत चालतो. आणि एके दिवशी कोणीतरी अभिप्रायाच्या शेवटी हात जोडलेली इमोजी टाकतो, जिला चार बाइट लागतात, आणि १३६६ क्रमांकाची ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ ही त्रुटी येते. ही लांबीची तक्रार नाही. कॉलम कितीही रुंद केला तरी ती जात नाही; युटीएफ८एमबी४ वर जावे लागते.

त्रुटी येण्याऐवजी मजकूर गुपचूप कापला जातो, तेव्हा तो कोणत्या मापाने कापला हे त्याच्या शेवटाकडे पाहून ओळखता येते. मायएसक्यूएलमध्ये कडक मोड, ज्यात मर्यादेबाहेरचा मजकूर नाकारला जातो, ५.७ पासून मुळातच चालू असतो. तो बंद असेल तर इशारा देऊन मजकूर चिन्हांच्या सीमेवर छाटला जातो. मग ‘श्री’चा शेवट ‘श्’ असा लोंबकळतो, किंवा ‘सिंधुदुर्ग’चे ‘सिंधुदुर्’ होते. हे वाचताना विचित्र दिसते, पण त्यातील प्रत्येक चिन्ह धड असते. प्रोग्राममध्ये कोणी बाइट मोजून मजकूर कापला असेल, तर तीन बाइटांच्या चिन्हाचा एखादा तुकडाच शेवटी उरतो आणि तेथे काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह दिसते. पीएचपीमध्ये बाइट मोजणारे सबस्ट्र वापरले आणि चिन्हे मोजणारे एमबी सबस्ट्र वापरले नाही, की हेच होण्याची शक्यता असते. असा अर्धा तुटलेला मजकूर मायएसक्यूएलला दिल्यास तीच १३६६ त्रुटी मिळते, आणि माणूस इमोजी शोधत बसतो.

मोजणीत न दिसणाऱ्या गोष्टीही धराव्या लागतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहिला तर सात चिन्हांचा होतो, आणि साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला तर आठ चिन्हांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. विंडोजवरून आलेल्या सीएसव्ही फाइलमधील ओळीच्या शेवटचे चिन्हही शेवटच्या कॉलमला चिकटून येऊ शकते. मर्यादेबाहेरच्या साध्या मोकळ्या जागा मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघेही व्हारचारमध्ये त्रुटी न देता टाकून देतात, पण या इतर पाहुण्यांना ती सवलत नाही.

ओरॅकलवर एवढे सगळे तपासूनही त्रुटी राहिली, तर ती मुळात कॉलमची नसण्याची शक्यता धरावी. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल या प्रोग्रामिंग भाषेत ओआरए-०६५०२ ही त्रुटी आली, तर मजकूर कॉलमपर्यंत पोहोचण्याआधीच एखाद्या आखूड व्हेरिएबलमध्ये अडकलेला असू शकतो. फाइलमधून माहिती भरणाऱ्या एसक्यूएल लोडरच्या कंट्रोल फाइलमध्ये रकान्याची लांबी लिहिलेली नसेल, तर तो २५५ बाइट गृहीत धरतो, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. अशा वेळी टेबलमधील कॉलम चार हजारांचा असला, तरी शंभर चिन्हांची मराठी टीप नाकारली जाते.

कॉलम खरोखर वाढवावाच लागला, तर त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का हे आधी पाहावे, कारण इंडेक्सची मर्यादा पुन्हा बाइटांचीच असते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेमध्ये जुन्या कॉम्पॅक्ट पद्धतीच्या टेबलांसाठी ती ७६७ बाइट आहे आणि डायनॅमिक पद्धतीसाठी ३,०७२. युटीएफ८एमबी४ मध्ये प्रत्येक चिन्हाला चार बाइट गृहीत धरले जातात, प्रत्यक्षात मराठीला तीनच लागत असले तरी. म्हणून जुन्या टेबलांत व्हारचार(१९१) हा चमत्कारिक आकडा भेटतो: १९१ला चाराने गुणले की ७६४ येतात, आणि १९२ केले की मर्यादा एका बाइटाने ओलांडली जाते.